फुलपुडीचा हिशेब

बडोद्यात कोणाला फुलं हवी असली की पाय आपोआप खंडेराव मार्केटकडे वळतात. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत, 1906 साली बांधलेली ही इमारत. नाव खंडेराव महाराजांचं, आत महानगरपालिकेची कचेरी, आणि आवारात भाजी, फळं, फुलं. न्यायमंदिर, सूरसागर, रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी हा जुन्या शहराचा सगळा पूजेअर्चेचा मुलूख इथून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे बापजाद्यांपासून चालत आलेली फुलांची दुकानं याच पट्ट्यात सापडतात. दुकान कसलं, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा: पुढे फळी, वर हार अडकवायचा दांडा, मागे पाण्याच्या बादल्या आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या टोपल्या.

एका दिवसात सुकणारा माल विकून तीन-तीन पिढ्या कशा तगतात, हे जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. बाहेरून वाटतं, दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत कमवायचं आणि वर्षभर खायचं. माझं मत वेगळं आहे. सणाची कमाई डोळ्यांत भरते खरी, पण दुकान उभं राहतं ते रोजच्या पुडीवर.

पुडी म्हणजे रतीब. सकाळी सातच्या आत घराच्या कडीला किंवा जिन्यातल्या खिळ्याला अडकवायची छोटी पुडी. आत चार झेंडू, दोन-तीन शेवंतीची फुलं, एखादा देशी गुलाब, तुळस, दूर्वांची जुडी. सोमवारी बेल वाढतो, चतुर्थीला जास्वंद, गुरुवारी पिवळं फूल, शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ. सगळ्या पुड्या वरून सारख्याच दिसतात, पण आतून नसतात. गणपतीला तुळस चालत नाही, शंकराला केवडा चालत नाही, विठोबाला तुळशीवाचून चालत नाही. कोणत्या घरी कोणता देव, कोणाकडे बाळकृष्ण आहे म्हणून बारीक फुलं लागतात, कोणाकडे रोज बेलाची शंभर पानं जातात, हे पुड्या बांधणाऱ्याच्या डोक्यात असतं. वहीत फक्त पैशाची नोंद.

घरात सुतक आलं की पुडी बंद होते. म्हणजे नातेवाइकांच्या बरोबरीनं फुलवाल्यालाही बातमी कळते, कारण पहिला फोन हारासाठी त्यालाच जातो. जुन्या दुकानांचा एक अलिखित नियम असा की सुतक फिटलं तरी पुडी आपणहून सुरू करायची नाही. घरून निरोप येऊ द्यायचा. नव्या पोऱ्यानं तेराव्या दिवशीच पुडी अडकवली आणि त्या घरानं फुलवाला बदलला, असंही होतं.

आता हिशेब. समजा दुकानाचे 150 रतीब आहेत आणि पुडी 10 रुपयांची आहे. महिन्याला 45,000 रुपये झाले. आकडे उदाहरणापुरते, पण त्यातून मुद्दा कळतो. यातून दुकानाचं भाडं, वीजबिल आणि एका मदतनिसाचा पगार निघतो. त्याहून मोठा फायदा असा की उद्याचा निदान एवढा माल खपणार, हे आज रात्रीच ठाऊक असतं. फुलांच्या धंद्यात एवढी खात्री दुसऱ्या कशातच नाही. शिवाय हारात बसणार नाही असं बारकं, पण ताजं फूल पुडीत जातं. ताजं हा शब्द इथे महत्त्वाचा. कालचा उरलेला झेंडू पुडीत दिसायला लागला की ते दुकान उताराला लागलं असं खुशाल समजावं. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही; महिना संपला की "सध्या नको" म्हणतं.

दुकान उघडण्याआधीचं काम पहाटे चारला सुरू होतं. झेंडू, देशी गुलाब असा सुटा माल बराचसा बडोदे आणि आणंद जिल्ह्यांतल्या शेतांतून येतो. कमी पडला तर अहमदाबादच्या जमालपूरच्या फूलबाजाराकडे बघायचं. लांब दांड्याचे गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही पॉलिहाउसची मंडळी पुणे-नाशिक भागातून आणि बंगळूरकडून पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात.

झेंडू वजनावर विकला जातो आणि सगळी गोम तिथे आहे. रात्री पाऊस पडला किंवा कोणी मुद्दाम पाणी मारलं की वजन वाढतं. म्हणजे झेंडूच्या भावानं पाणी विकत घ्यायचं. जाणता माणूस ढिगात वरून हात घालत नाही, तळातून मूठभर फुलं काढतो. फुलाचा हिरवा पेला, म्हणजे देठाकडचा भाग, अंगठ्यानं दाबून बघतो. घट्ट असेल तर फूल आजचं. मऊ लागलं तर फूल मधोमध फोडायचं. आत काळपट ओल दिसली की तो माल दुपारपर्यंतही टिकत नाही.

"माल भीनो छे, भाई."

"वरसाद पड्यो, काका. सूरजने कहो."

मग किलोमागे दोन-चार रुपये तुटतात आणि टोपली उचलली जाते. भाव तोडताना हात राखून तोडायचा असतो. ज्या आडत्याला आज फार खेचलं तो दसऱ्याच्या आदल्या रात्री आपला फोन उचलत नाही.

किती माल घ्यायचा, हा खरा अवघड प्रश्न. अंदाज म्हणून त्याला सोडून देतात, पण त्यामागे साधं गणित आहे. समजा झेंडू 60 रुपये किलोनं आणला आणि 120 रुपयांनी जातो. एक किलो उरला तर 60 बुडाले, एक किलो कमी पडला तर 60चा नफा हुकला. दोन्ही दु:खं सारखी, म्हणून नेहमीच्या खपाइतकाच माल आणायचा. आता मोगऱ्याची वेणी घ्या. करायला 10 रुपये लागले, विकली 40ला. उरली तर 10 जातात, कमी पडली तर 30 हुकतात. म्हणजे वेण्या नेहमीच्या खपापेक्षा जास्त करायच्या: चारपैकी तीन दिवस पुरतील आणि एखाद्या दिवशी "संपल्या हो वहिनी" म्हणावं लागेल, इतक्या. ऑर्किडचं उलट आहे. 80ला दांडी आणून 100ला विकायची असेल तर एका उरलेल्या दांडीत चार विकलेल्यांचा नफा जातो. ती ऑर्डरशिवाय आणायचीच नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात हे न्यूजव्हेंडर मॉडेल म्हणून शिकवतात, कारण शिळ्या वर्तमानपत्राचीही हीच गत. फुलवाल्याला त्याचं नाव ठाऊक नसेल, पण संध्याकाळी त्याच्या टोपलीत काय उरलंय ते पाहिलं की गणित येतं की नाही ते कळतं.

माल आणला की तो जगवायचा. तोडलेलं फूल मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, साठवलेली साखर जाळतं आणि उष्णता बाहेर टाकतं. म्हणूनच झेंडूचा ढीग करून ठेवला की आत हात घातल्यावर गरम लागतं. दोन दिवस ठेवायचा झेंडू सावलीत पातळ पसरून ठेवावा लागतो. दांड्याच्या फुलांचं दुखणं वेगळं. दांडी कापताच तिच्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढायचं थांबतं. म्हणून दुकानात आल्याबरोबर दांडी पुन्हा तिरकी कापून लगेच पाण्यात घालायची, शक्य तर पाण्याखालीच कापायची. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, कारण ती कुजली की जंतू वाढतात आणि त्याच नळ्या तुंबवतात. बादली रोज घासायची, हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत उपयोगाचं काम. मान टाकलेला गुलाब पुष्कळदा शिळा नसतो, तहानलेला असतो.

फ्रिज आता बहुतेक दुकानांत आहे, पण तो सगळ्यांना मानवत नाही. गुलाबाला 2 ते 4 अंश छान. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण मुलखातली फुलं तेवढ्या थंडीत काळवंडतात. आणि घरचा फ्रिज समजून त्यात केळी, सफरचंदं ठेवली तर कार्नेशन गेलंच म्हणायचं, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो फुलांना म्हातारं करतो. बडोद्याच्या मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो तेव्हा सुट्या फुलांना मात्र अजूनही ओलं गोणपाटच उपयोगी पडतं.

मोगऱ्याचं वेळापत्रक सगळ्यांत गमतीचं. कळी पहाटे, उमलण्याच्या आत तोडतात. ती संध्याकाळी उमलते आणि तेव्हाच तिचा वास दरवळतो. म्हणजे दुपारी जो गजरा विकला जातो तो खरं तर अजून व्हायचा असतो. एखादी बाई वेणी नाकाशी नेऊन म्हणते, "काका, वासच नाही हिला." काका वर न बघता सांगतात, "वहिनी, कार्यक्रम किती वाजता? सातला ना? मग सातला येईल." दुपारी बारालाच घमघमणारी वेणी संध्याकाळी तपकिरी पडलेली असते.

ती वेणी होते कशी, ते जवळून बघा. सुईचं काम नाही. दोरा, किंवा जुन्या पद्धतीनं केळीच्या सोपटाची भिजवलेली वाख, पायाच्या अंगठ्याला अडकवतात. डाव्या चिमटीत दोन कळ्या एका बाजूला तोंड करून, दोन दुसऱ्या बाजूला, देठ एकमेकांवर. उजव्या हातानं दोऱ्याचा फास त्या देठांवरून फिरवून ओढायचा. फार ओढला तर देठ तुटतो, सैल राहिला तर केसांत माळताना कळ्या गळतात. मध्ये हिरवा मरवा किंवा एखादी अबोली. हाराचं काम त्या मानानं सोपं: लांब सुई झेंडूच्या हिरव्या पेल्यातून घालून फुलाच्या मध्यातून काढायची. पेला मांसल असतो म्हणून भार झेलतो. शेवंतीला तसा पेला नाही, तिथे हात हलका लागतो. हे बरंचसं काम बायका करतात, पुष्कळदा घरी बसून, नगावर. दुकानाच्या पाटीवर नाव पुरुषाचं असतं आणि दुकानाची ओळख असलेली गाठ कोणा बाईच्या हातची असते. या धंद्यातला हा जुना अन्याय आहे आणि अजून तसाच आहे.

जाता जाता एक सांगतो. ज्यांच्यावाचून आपलं देवघर सुनं वाटतं, ते झेंडू आणि निशिगंध दोघेही मूळचे मेक्सिकोचे. काही शतकांपूर्वी दर्यापार आले आणि आता शास्त्रात नसतील असं सांगायला गेलात तर भटजीसुद्धा रागावतील.

दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी पंचांग टांगलेलं असतं, आणि धंद्याचं अंदाजपत्रक म्हणाल तर तेच. श्रावणात बेल. हवेल्यांतून हिंडोळ्यांची फुलं, कारण मांडवीच्या कल्याणरायजींसारख्या पुष्टिमार्गी हवेलीला फुलांची आरास हा सेवेचाच भाग असतो. हरतालिकेला पत्री आणि केवडा, गणपतीला एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या, गौरींना तेरडा. पितृपक्षात मराठी घरांसाठी पांढरी फुलं आणि माका. बाकी दुकान शांत. नवरात्रात नऊ रात्री गरबा, म्हणजे संध्याकाळच्या गजऱ्यांना तोटा नाही. कार्तिकी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून वरघोडा निघतो, पौर्णिमेला नरसिंहजींचा. पालखीच्या फुलांचं काम ज्यांच्याकडे परंपरेनं असतं ते त्यात फार पैसा बघत नाहीत. तुळशीची लग्नं झाली की माणसांची सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागताच एकदम थांबतात. गुजराती मंडळी याला कमुरता म्हणतात. उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर पतंगांत असतं, फुलांना कोणी विचारत नाही, आणि नेमकी तेव्हाच थंडीमुळे झेंडूची आवक भरपूर असते.

अधिक महिना आला की आणखी उलटापालट. 2026चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन उन्हाळी लग्नसराईच्या जागी. त्या महिन्यात लग्नं नाहीत, पण पुरुषोत्तम मास म्हणून देवळं भरलेली. म्हणजे वरमाला आणि स्टेजची फुलं कमी, तुळस आणि सुटी फुलं जास्त. ज्यानं हे पौषातच पंचांगात पाहिलं त्यानं मंडपवाल्यांशी बोलणं वेगळं केलं असणार.

दसऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. झेंडूची रोपं लावल्यापासून फुलं यायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून शेतकरी श्रावणाच्या आसपास लागवडीचा मुहूर्त मागे मोजून ठरवतो. पण दसरा एका जागी बसत नाही: 2023ला 24 ऑक्टोबर, 2024ला 12 ऑक्टोबर, 2025ला 2 ऑक्टोबर. तारीख जितकी अलीकडे तितकी परतीच्या पावसाची भीती जास्त. दसऱ्याच्या सकाळी भाव चढलेला असतो; मोटारींना, दुकानांच्या दारांना, यंत्रांना आसोपालव आणि झेंडूची तोरणं लागतात. गुजराती शेजारी फाफडा-जिलबीच्या रांगेत असतात आणि मराठी माणूस आपट्याची पानं शोधत फिरतो. पानं म्हणून पुष्कळदा कांचनाची डहाळीच हातात पडते. दोन्हींची पानं जोडपानासारखी दिसतात, कांचनाचं मोठं आणि पातळ. जुना फुलवाला नेहमीच्या गिऱ्हाइकाला खरा आपटा वेगळा काढून ठेवतो. दुपारी पूजा आटोपल्या की भाव असा कोसळतो की संध्याकाळी रस्त्याकडेला पोती टाकून विक्रेते निघून जातात. म्हणून अनुभवी दुकानदार निम्मा माल दोन दिवस आधी घेऊन पसरून ठेवतो, सकाळी अकरानंतर एकही टोपली नव्यानं उचलत नाही आणि त्या दिवशीच्या गल्ल्यावरून कोणालाही पगारवाढ कबूल करत नाही.

शिवाय सण हातचा जाऊ शकतो. 2024ला जन्माष्टमी 26 ऑगस्टला होती आणि त्याच सुमाराला विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. शहराचे कितीतरी भाग दोन-तीन दिवस पाण्यात होते. 7 सप्टेंबरला गणपती बसायचे होते. अशा वेळी फुलवाल्याच्या हाती काय राहतं? आणलेला माल बुडाला, मोठ्या ऑर्डरी रद्द झाल्या. पाणी ओसरलं, घरं धुऊन निघाली, की आधी मागणी येते ती पुडीचीच, कारण देव्हारा लावायला चार फुलं लागतातच.

पुष्पगुच्छांचं काम या दुकानांत नंतर आलं आणि त्यात नफा बरा आहे. गुच्छाच्या टोपलीत तळाला जो हिरवा स्पंज असतो तो 1954 साली व्हर्नन स्मिदर्स या अमेरिकन माणसानं काढलेला फोम. पाणी धरून ठेवतो म्हणून फुलं टिकतात. पण ते प्लास्टिकच, मातीत मिसळत नाही, निर्माल्याबरोबर खतात गेलं की खत बिघडतं. मातीच्या बोळक्यात नुसती सुतळी बांधून केलेला गुच्छ मला अधिक आवडतो, पण सभागृहवाल्यांना तो गरिबाघरचा वाटतो. कापडी-प्लास्टिकची फुलं हे दुसरं संकट. मंडपांनी ती केव्हाच उचलली, देवघरात मात्र अजून तेवढी शिरलेली नाहीत.

आता दुकान पुढच्या हाती देण्याचं. मुलगा शिकलेला असतो आणि त्याला सजावटीचं काम आवडतं. एका लग्नाच्या स्टेजमध्ये महिन्याभराच्या पुड्यांएवढं मिळतं, मग पहाटे चारला उठून दहा रुपयांची पुडी कशाला अडकवायची, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. पण लग्नाचे मुहूर्त वर्षात मोजके, त्यातही पैसे मंडपवाल्याकडून दोन-दोन महिन्यांनी सुटतात, आणि भाडं बारा महिने. रतीब एकदा सोडले की परत मिळत नाहीत. त्या कड्यांना दुसऱ्या कोणाची पुडी लटकायला लागते. ज्या घरांत हे वेळेवर उमगलं तिथे वाटणी साधारण अशी झालेली दिसते: मुलगा सजावट बघतो, सून क्यूआर कोड आणि वहीचा मेळ घालते, पुड्यांच्या वाटा एका पोऱ्याला शिकवलेल्या असतात, आणि आडत्याशी बोलायला पहाटे अजून म्हातारेच जातात. पोऱ्या गावी गेला की त्या आठवड्यात मुलाला स्कूटरवरून पुड्या वाटाव्या लागतात. कोणत्या जिन्यात कोणता देव, हे तो त्याच आठवड्यात शिकतो.